पहिल्या पानाच्या आधी

डिचोलीच्या वाचनालयात खुनाच्या कादंबऱ्यांचं एकच कपाट आहे आणि ते पद्मावती गावस हिने जवळजवळ संपवत आणलं आहे. आठवड्यातून एकदा ती पाळी गावाहून बसने येते, पिशवीतलं पुस्तक मेजावर ठेवते आणि सरळ त्या कपाटाकडे जाते. वर्तमानपत्रं चाळत बसलेले पेन्शनर एकमेकांना खुणावतात. पन्नाशी उलटलेली विधवा बाई, हिने पोथी वाचावी, फार तर पाककृतीचं पुस्तक न्यावं. ही मात्र विष, सुरी आणि दोरीत रमलेली. एकदा त्यांतल्या एकाने थट्टेने विचारलं, "वयनी, कोणाचो काटो काढूचो बेत आसा काय?" पद्मावती म्हणाली, "काढूचो आसा, पण नाव मेळना." पेन्शनरने घाईघाईने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

नाव मिळत नव्हतं हे खरंच होतं. तिचा नवरा सगुण आधी खाणीवर मशीन चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा पाळीतल्या निम्म्या घरांसारखं त्यांच्याही घराचं चाक रुतलं, आणि त्याने डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची नोकरी धरली. पुढे लिलावातला खनिज माल हलवायला ट्रक पुन्हा रस्त्यावर आले. त्याच हंगामात, एका पहाटे स्कूटरवरून घरी येताना, वळणावर त्याला कुणीतरी उडवलं आणि तसंच निघून गेलं. पोलिसांनी 'अनोळखी वाहन' असं लिहिलं. रस्त्यावर खडूने काहीतरी आखलं, त्यावरून दुसऱ्या दिवशी ट्रक गेले आणि खडू पुसला गेला. काही महिन्यांनी तपास बंद झाल्याचं कळलं. पद्मावतीला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. तो जेवून गेला होता का, भांडून गेला होता का, त्याचं कुणाशी वाकडं होतं का, काही नाही. चोरीला गेलेल्या पंपाची चौकशी याहून जास्त होते.

गावाने तिच्या ओंजळीत एकच गोष्ट घातली. जागच्या जागी गेला, त्याला कळलंही नसेल. हे सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं ते गोकुळदासाने. गोकुळदास म्हणजे सगुणाचा चुलत भाऊ, स्वतःचा ट्रक खाणीवर चालवणारा. पद्मावतीला एकच मुलगी, तनया, म्हणून अग्नी त्यानेच दिला. "वयनी, जाग्यारच गेलो तो. तेका कळूकसुद्धां ना," तो म्हणायचा आणि ती मान डोलवायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ही काडी तिने घट्ट धरून ठेवली. भात शिजत असताना, कपडे वाळत घालताना ती मनाशी म्हणायची, कळलं नसेल त्याला.

पुस्तकांचं वेड तिचं स्वतःचं नव्हे, ते सगुणाचं. पहाऱ्यावर झोप लागू नये म्हणून तो असल्या कादंबऱ्या न्यायचा. पोलिसांनी स्कूटर परत दिली तेव्हा डिकीत वाचनालयाचं एक पुस्तक निघालं. त्याला साधा ओरखडाही नव्हता. मध्यावर पानाचा कोपरा दुमडलेला. ते परत करायला म्हणून ती निघाली आणि बसस्टॉपवर नुसतं बसवेना, म्हणून तिने त्या दुमडलेल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. दोन बस गेल्या. कुठल्याशा बंगल्यात एका म्हाताऱ्याला कुणी विष दिलं याची ती गोष्ट होती, आणि सगुणाला ते कळायचं राहून गेलं होतं. ती घरी परतली, पुस्तक पुरं केलं आणि फोटोपुढे उभी राहून म्हणाली, "तेच्या धाकट्या भावान मारल्यान, आयकलंस?" मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती पोटभर रडली. इतके दिवस तिला तसं रडूच आलं नव्हतं.

तेव्हापासून ती वाचते आहे. शहाणे लोक सांगतात की असली पुस्तकं म्हणजे वेळ घालवायचा धंदा, डोकं बाजूला ठेवून वाचायची. त्यांचं जळत नाही, त्यांना काय कळणार. पद्मावतीला खून आवडत नाहीत, रक्ताचं वर्णन आलं की ती चार ओळी गाळते. तिला आवडतं ते पुढचं. त्या पुस्तकांत माणूस मेला की जग थांबतं. घराची दारं लावली जातात. कुणालाही गावाला जाऊ देत नाहीत. मोलकरणीपासून मालकापर्यंत एकेकाला बसवून विचारतात, तू तेव्हा कुठे होतास. मेलेला माणूस कितीही खडूस असो, कंजूष असो, त्याच्यासाठी कुणीतरी हुशार माणूस झोप टाकून चपलेचे ठसे बघत हिंडतो. आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून बोट दाखवलं जातं. सगुणासारख्या भल्या माणसाच्या वाट्याला एक खडू आला, तोही एका दिवसाचा. त्या शेवटच्या पानांसाठी ती आधीची दोनशे पानं वाचायची, आणि बोट दाखवलं की तिला घटकाभर वाटायचं, झालं, न्याय झाला. पुस्तक मिटलं की घटका संपायची. मग लगेच दुसरं हवं व्हायचं.

तनया पेडण्यात राहते, मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. ती रजेवर आली की ओरडायची. "आई, बाबा गेले ते अपघातान गेले. ह्यां खुनाचां किते घेवन बसलंस?" पद्मावती उत्तर द्यायची, "उडोवन पळालो तो. पळाल्याक किते म्हणतत?" तनया उठून भांडी घासायला घ्यायची.

यंदाच्या श्रावणात मात्र पद्मावतीचा धीर सुटला. कपाटात न वाचलेली पुस्तकं अगदी थोडी उरली होती, आणि ती संपल्यावर काय, हा विचार तिची पाठ सोडेना. तिने नारळ घेतला आणि देवीच्या देवळात जाऊन भटजींना म्हणाली, प्रसाद लावा. आमच्याकडे देवाला असं विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न जुळवायचं, घर बांधायचं, शेत विकायचं, सगळं विचारून होतं. पण माणूस कुणी मारला हे विचारायला आलेली ही पहिलीच.

"माणसाचा नाव घेवन देवीक पेचात घालूक जायना, बाय," भटजी म्हणाले. "दुसऱ्या वाटेन विचार."

पद्मावतीने इतकी पुस्तकं काही उगाच वाचली नव्हती. संशयितांचं रिंगण आधी लहान करायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने सांगितलं तसं भटजींनी गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या बायलेचो घोव जेच्यापायीं गेलो, तो मनीस हिच्या घरा येता-वता काय? येता जाल्यार उजवो प्रसाद दी."

उजवी पाकळी पडली. भटजींचे ओठ अजून हलत होते, इतक्या लवकर पडली.

घरी येताना ती बोटांवर मोजत होती. तिच्याकडे येणारी माणसं ती कितीशी! नवरा गेल्यावर येणंजाणं आटतंच. सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पाव आणणारा पोदेर किरण, मूळचा बेळगावकडचा. शेजारची स्वाती, जी कढीपत्त्याला येते आणि तासभर बसते. आणि गोकुळदास. म्हणजे देवीने दारं लावून घेतली होती आणि आत तिघंच होती. तनयाने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता, म्हणून तिला तिने सांगितलंच नाही.

आधी तिने पोदेराला धरलं. पहाटे रस्त्यावर असणारा माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून तिने पाव घेणं बंद केलं आणि खिडकीतून त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. तो बिचारा रोज भोंपू वाजवायचा, थांबायचा, आणि आपलं काय चुकलं या विचारात पुढे जायचा. पण सायकलने माणूस मरत नाही, हे तिचं तिलाच पटलं. स्वातीवर संशय घ्यायचा तर तिला आधी गाडी चालवायला शिकवावं लागलं असतं.

उरला गोकुळदास, आणि इथे तिला घाम फुटला. तिने वाचलेल्या पुस्तकांत जो सगळ्यांत जास्त मदत करतो, प्रेताला खांदा देतो, विधवेचे डोळे पुसतो, तोच शेवटी निघतो. गोकुळदास तिचा गॅस सिलिंडर आणून जोडायचा. तिला ताप आला की डॉक्टरकडे न्यायचा. नारळ काढायला माणूस बघायचा. चवथीला गणपतीवर टांगायची फळांची माटोळी तोच बांधायचा. यंदाही तो शिडीवर चढून सुपारीचे घोस, तोरिंगं आणि रानफळं बांधत होता, आणि पद्मावती खाली उभी राहून एकेक फळ वर देताना त्याचे हात बघत होती. हे हात स्टीअरिंगवर होते का? इतकं प्रेम, इतकी सेवा, कशाबद्दल? दुसऱ्या कुणाला देवमाणूस भेटला तर तो हात जोडतो. हिला पुस्तकांनी असं करून ठेवलं होतं की चांगुलपणा दिसला की अंगावर काटा यायचा. आणि तरी मनातून ती देवीला विनवत होती की तो नसू दे. तो नसला तर मग माझं आहे कोण.

म्हाळाचा दिवस आला. पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण घालतात, तो म्हाळ. पानावर बसतो त्याच्या तोंडून गेलेला जेवतो असं मानतात, आणि सगुणाच्या पानावर दर वर्षी गोकुळदासच बसायचा. यंदा पद्मावतीने स्वातीलाही बोलावलं आणि पोदेरालाही. पाव बंद केलेल्या घरी जेवायचं आमंत्रण, पोदेर चक्रावून गेला, पण धुतलेला शर्ट घालून आला. तनया रजा काढून आली होती. खतखतं, वडे, भाजी, खीर, सगळं झालं. केळीची पानं मांडली, भात वाढला, सगळे बसले. गोकुळदासाने पाणी फिरवायला हात उचलला तशी खिरीचं भांडं हातात धरून उभी असलेली पद्मावती म्हणाली, "रव. जेवच्या आदीं माका एक विचारूचा आसा."

तिचा आवाज असा निघाला की सगळ्यांचे हात थांबले.

"मी देवीक प्रसाद लायलो. माझो घोव जेच्यापायीं गेलो, तो माझ्या घरा येता, असो उजवो प्रसाद दिल्यान देवीन. माझ्या घरा येतास ती तुमी तिगांच. कोण तो, सांगा."

"आई!" तनया ओरडली. "पुस्तकां वाचून डोक्या फिरला तुझा! म्हाळाच्या दिसा असा कोण बोलता?"

स्वाती तर रडायलाच लागली. "पद्मावती, माका सायकलसुद्धां चलवंक येना गो!" पोदेर हात जोडून म्हणाला, "मावशी, मी गेल्या शिमग्यापास्नं तुमच्या गावात हाय. तवा मी खानापुरात हुतो, आईशपथ. कुणालाबी विचारा." दोघंही खरंच बोलत होती, हे पद्मावतीला दिसत होतं. ती गोकुळदासाकडे बघत होती. तो पानावरच्या भाताकडे बघत होता. पाण्याने भरलेला तळहात तसाच हवेत होता. मग बोटांतून पाणी गळालं.

"वयनी, मी मारूक ना," तो म्हणाला. "देवीच्यान सांगतंय. पण मी थंय होतंय."

तनया पानावरून उठून आईशेजारी येऊन उभी राहिली.

"कोणेतरी उडयल्लो आदींच. कडेक पडल्लो. स्कूटर आडवी. मी ट्रक घेवन फाटल्यान इलंय. थांबलंय जाल्यार लोक म्हणतले ट्रकवाल्यानच मारलो. ट्रक जाळतले, माका मारतले. मी बाजूक काडून गेलंय. सगुण म्हूण कळूक ना माका, काळोख होतो. खाणीर पावलंय तेव्हां फोन इलो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. इतकी वर्षं जी गोष्ट ती पुस्तकांत शोधत होती, ती ठाऊक असलेला माणूस तिच्या घरी सिलिंडर जोडत होता. पण पहिलं उत्तर कधीच पुरं नसतं, हेही ती पुस्तकांतच शिकली होती. तिने विचारलं, "आनी?"

"आनी किते..." गोकुळदासाने डोळे पुसले. "आनी नंबर चुकतलो होतो." खाणीवर पहाटे जो आधी पोचेल त्याच्या ट्रकला आधी माल मिळतो. रांगेतला नंबर मागे गेला की दिवसाची एक खेप गेली. पाळीतल्या पोराटोरांनाही हे माहीत असतं. "किती वर्सां ट्रक दारात उबो करून ठेवल्लो, वयनी. नवोच धंदो सुरू जाल्लो. माका नंबर दिसत होतो, दुसरा काय दिसूक ना."

हे ऐकून पद्मावती चिडली असती, तिने खीर त्याच्या अंगावर ओतली असती, तरी कुणी तिला बोल लावला नसता. पण तिच्या मनात वेगळीच भीती उभी राहिली होती, आणि पुढचा प्रश्न विचारू नये हे तिला कळत होतं. पुस्तकांतला तपास करणारा हुशार माणूस कधी थांबत नाही. त्याचं काय जातं, मेलेला त्याचा नवरा नसतो.

"तू गेलंस तेव्हां तो गेल्लो मां?" तिने विचारलं. "जाग्यारच गेल्लो मां? तूच सांगत होतंस."

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली.

"हात वयर केल्लो तेणें," तो म्हणाला. "लायटीत दिसलो माका."

खिरीचं भांडं तिच्या हातातून पडलं नाही. तिने ते हळूच खाली ठेवलं आणि भिंतीला टेकली. म्हणजे त्याला कळलं होतं. तो रस्त्याच्या कडेला पडून होता, त्याला ट्रकचे दिवे येताना दिसले, कदाचित इंजिनाच्या आवाजावरून ट्रक कुणाचा तेही कळलं असेल, आपल्या भावाचाच आहे म्हणून हात वर केला असेल. आणि दिवे बाजूने निघून गेले. तिला नाव हवं होतं. मारणाऱ्याचं नाव अजूनही मिळालं नव्हतं, आणि हातात होती ती एवढीशी काडीही गेली. आता भात शिजत असताना ती काय म्हणणार होती?

पुस्तकांत या जागेवर गोष्ट आटोपते. पोलीस दाराशी असतात, गुन्हेगार मान खाली घालतो, पुढच्या पानावर समाप्त. इथे भात निवत होता आणि कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. गोकुळदास उठायला लागला.

"बस," पद्मावती म्हणाली. "तू उठलंस जाल्यार तो उपाशी रवतलो. आदींच एकदां तसोच टाकून गेलंस. आतां बस, आनी जेव."

तो बसला. तिने वाढलं. त्याने घास घेतला, तो उतरेना, तरी त्याने गिळला. तिने वडा वाढला, मग आणखी एक वाढला. सगुणाला वडे आवडायचे. पानावर काही संपलं की ती पुन्हा वाढायची, आणि गोकुळदास रडत रडत खात होता, नाक पुसायलाही थांबत नव्हता. तो सूड होता की श्राद्ध, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाकी कुणी जेवलं नाही.

नंतर तनया म्हणाली, पोलिसांत जाऊया. गेल्या दोघी. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाजूने गेलेल्या वाहनाबद्दल काय करता येतं ते बघावं लागेल, बरीच वर्षं झाली. तनया तिला पेडण्याला न्यायला निघाली होती, पण पद्मावती गेली नाही. गोकुळदास त्या दिवसापासून आला नाही. पुढचा सिलिंडर पोदेराने उचलून आत ठेवला, पण त्याला तो जोडता येईना, मग तिने स्वातीला हाक मारली आणि दोघींनी कसाबसा जोडला. गोकुळदासाची तिला चीड येते आणि ती त्याची वाटही बघते, आणि वाट बघते म्हणून स्वतःची जास्त चीड येते.

वाचनालयाचं पुस्तक घरात तसंच पडलं होतं. एका दुपारी तिने ते उघडलं. पहिल्याच ओळीत सकाळी दूधवाल्याला बागेत प्रेत दिसलं. ती पुढे सरकेना. दूधवाल्याच्या आधी त्या वाटेने कोण गेलं? तो माणूस तेव्हा कसा होता? त्याने कुणाला हाक मारली का? तिने मागचं पान उलटलं, तिथे नुसतं पुस्तकाचं नाव होतं. मग तिने शेवट काढून वाचला. खुनी कोण ते होतं, का मारलं ते होतं, ती बाग रात्रभर कुणाच्या खिडकीतून दिसत होती ते कुठेच नव्हतं.

आठवडा भरला तशी ती डिचोलीला गेली. मेजामागे बसणारी गौरवी तिची वाटच बघत होती. तिने नव्या आलेल्या गठ्ठ्यातली एक कादंबरी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, चार खून असलेली. "मावशी, ह्यातलो खुनी तुमकां शेवटमेरेन कळचो ना," ती हसत म्हणाली.

पद्मावतीने पुस्तक हातात घेतलं नाही. मेजाची कड धरून ती म्हणाली, "बाय, दुसरा एक सांगशी? पयल्या पानार मनीस पडल्लो आसा, पण अजून जितो. आनी कोणतरी थांबता. असला पुस्तक आसा काय तुमच्याकडेन?"

गौरवीला वाटलं ती थट्टा करते आहे, मग तिने पद्मावतीच्या तोंडाकडे पाहिलं. ती उठून कपाटाकडे गेली आणि एकेक पुस्तक काढून पहिलं पान वाचायला लागली. पेन्शनरांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली. पद्मावती बाकावर बसून राहिली. तिची बस आली आणि गेली. गौरवी खालच्या कप्प्यापाशी गुडघे टेकून अजून शोधत होती.